मिस्त्री शोधावा फाल्गुनात!

होळी पेटली की आमच्या विदर्भात दोन बायका भेटल्यावर ‘कशी आहेस?’ असं विचारत नाहीत. ‘तुमचा कूलर लागला का?’ हाच पहिला प्रश्न असतो. माळ्यावरचा, गच्चीवरचा, जिन्याखालचा कूलर खाली उतरतो. त्याच्यावरची चादर झटकली जाते. बाजारात खसच्या ताट्यांचे आणि लाकडी गवताचे ढीग लागतात. सायकलच्या मागे ताट्या बांधून ‘कूलरचं गवत बदलायचं का?’ अशी हाळी देत फिरणारे दिसायला लागले की समजावं, उन्हाळा दारात आला.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना याचं हसू येतं. पण मैत्रिणींनो, आमच्याकडे कूलर ही चैन नाही. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि चंद्रपूर, अकोला, वर्धा, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडणं ही काही बातमी राहिलेली नाही. नवतपाच्या दिवसांत तर रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी घरातला कूलर बंद पडणं म्हणजे पंखा बिघडण्यासारखी बारीकसारीक गोष्ट नाही. घरात म्हातारं माणूस असेल, ओली बाळंतीण असेल, तान्हं मूल असेल, तर तो जिवाशीच खेळ.

आणि तो बंद कधी पडतो? नेमका दुपारी एक वाजता, घरचे पुरुष कामावर आणि मिस्त्रीचा फोन ‘स्विच ऑफ’ असताना! तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कूलरच्या मिस्त्रीच्या बाबतीत निम्मं गाव दरवर्षी मे महिन्यातच विहीर खणायला घेतं. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्या गल्लीतली ती दुपार

मी राहते ते वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. 2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. घरात सून आणि सुनेचं वीस-बावीस दिवसांचं बाळ. मुलगा नोकरीला बाहेरगावी. दुपारी कूलरनं ‘हूं हूं’ असा आवाज केला आणि पंखा फिरेना. सुनेनं दोन ओळखीच्या मिस्त्र्यांना फोन लावले. एक लग्नाच्या मांडवात भाड्याचे मोठे कूलर बसवायला गेलेला, दुसरा फोनच उचलेना. मग तिनं मोबाइलवर शोधून एक नंबर लावला. समोरचा गोड बोलला, ‘मॅडम, अर्ध्या तासात माणूस येतो, आधी पाचशे रुपये व्हिजिटिंग चार्ज पाठवा.’ तिनं पाठवले. माणूस काही आला नाही. पुन्हा फोन लावला तर तो लागेचना.

तीनच्या सुमारास तिनं मला बोलावलं. मी गेले तर आजी भलतंच बोलत होत्या. सुनेलाच ‘तू कोण?’ म्हणून विचारत होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं. हा नुसता थकवा नव्हे हे कळत होतं. आम्ही 108 ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत आजींना पडवीत सावलीला आणलं, साडी सैल केली, ओल्या चादरीत गुंडाळलं, मानेखाली आणि काखेत ओले पंचे ठेवले, आणि दोघीजणी सुपानं वारा घालत बसलो. ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागलं. आजी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, ‘अंगावर पाणी मारलंत ते फार बरं केलं.’

संध्याकाळी मिस्त्री आला. दहा मिनिटांत कूलर सुरू. गेला होता तो कंडेन्सर, शंभर रुपयांच्या आतली वस्तू! एवढ्याशा डबीसाठी एक जीव टांगणीला लागला होता.

त्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय होता हळदी-कुंकवाच्या शिल्लक पैशांचा, पण बोलणं कूलरवरच गेलं. ‘आपल्या सगळ्यांकडे गॅसवाल्याचा नंबर आहे, किराणावाल्याचा आहे, ब्लाउज शिवणारीचा आहे. मग मिस्त्रीचा का नसावा?’ एका मैत्रिणीनं विचारलं. आणि आमची यादी करायला सुरुवात झाली.

आपलं हवामान, आपलं यंत्र

यादीकडे वळण्याआधी थोडं यंत्राबद्दल. कूलर कसा गार करतो? माठ जसा करतो तसाच. ओल्या गवतातून गरम कोरडी हवा आत येते, पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. हवा जेवढी कोरडी तेवढा कूलर गार. म्हणून आमच्याकडच्या मे महिन्यात चांगला कूलर खोलीतली झळ दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, आणि तोच कूलर रत्नागिरीला नेला तर नुसती चिकचिक! आमच्याकडेही मृगाचा पाऊस पडला, हवेत दमटपणा आला की कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा ‘कूलर बिघडला’ म्हणून मिस्त्रीला बोलावू नये. बिघडलेला असतो तो हवामानाचा नूर.

दुसरी गोष्ट म्हणजे कूलरला बाहेरची हवा लागते. दारं-खिडक्या गच्च बंद करून कूलर लावला तर आतली हवा दमट होत जाते आणि जीव घाबरतो. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरची एखादी खिडकी किंवा दार थोडं उघडं. एवढ्यानंच निम्म्या तक्रारी मिटतात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. त्याचे पांढरे क्षार गवतावर बसतात, गवत दगडासारखं होतं आणि वारा अडतो. म्हणून गवत दर हंगामात नवं हवं. शक्य असेल तर नळाचं पाणी वापरा.

फोन करताना काय सांगायचं?

‘भाऊ, कूलर चालत नाही, लवकर या.’ आपण एवढंच सांगतो. मग मिस्त्री येतो, बघतो, ‘सामान आणतो’ म्हणून जातो तो संध्याकाळीच उगवतो. नेमकं काय होतंय ते सांगितलं तर तो सामान घेऊनच येतो. आमच्या मिस्त्रीनं मंडळात येऊन आम्हाला शिकवलं ते असं.

मोटर ‘हूं’ करते पण पाती फिरत नाही, तर कंडेन्सर गेला असेल किंवा बुश जाम झाला असेल. अशा वेळी बटण लगेच बंद करा. तसंच चालू ठेवलं तर वाइंडिंग जळतं आणि थोडक्यातलं काम मोठं होतं. पाती फिरते पण गवत कोरडं, तर पंपाची जाळी गाळानं भरली असेल, नळी निसटली असेल किंवा पंप गेला असेल. एकाच बाजूचं गवत ओलं होतं, तर कूलर सपाट जागी नाही किंवा वरच्या पन्हळीची भोकं बुजली आहेत. खोलीत पाण्याचे शिंतोडे उडतात, तर ताटी नीट बसलेली नाही किंवा पाणी जास्त सुटतंय. जळका वास आला, तर काहीही न बघता आधी मेन स्विच बंद.

दुपारी पंखे, दिवे सगळंच मंद चालत असेल तर दोष कूलरचा नाही, व्होल्टेज कमी आहे. कमी व्होल्टेजवर मोटर तापते, तेव्हा थोडा वेळ बंद ठेवलेली बरी. सगळ्या गल्लीत हीच रड असेल तर मिस्त्रीऐवजी महावितरणचा 1912 हा क्रमांक फिरवावा.

यातलं आपण स्वतः काय करायचं? पंपाची जाळी धुणं, नळी बसवणं, पन्हळीची भोकं काडीनं मोकळी करणं, बस्स. तेही नुसतं बटण बंद करून नाही, तर प्लग सॉकेटमधून बाहेर काढून! वायर, मोटर, कंडेन्सर याला हात लावायचा नाही. कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही करंट साठून राहू शकतो, हे फार जणींना ठाऊक नसतं.

पाणी आणि वीज एकाच पेटीत

आता जे सांगणार आहे ते कात्रण करून ठेवा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्याच्या पानावर येतात. त्यात बायका आणि लेकरं असतात, कारण दुपारी घरात तीच असतात. कूलरमध्ये पाणी बाईच भरते, चालू कूलरशेजारी मूलच खेळतं. लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी, त्यात वीज आणि ओली फरशी. यापरतं धोक्याचं घरात दुसरं काही नाही.

म्हणून पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. पायात कोरडी रबरी चप्पल हवी. पाणी भरण्याची नळी आणि प्लग यांची गाठ पडू द्यायची नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही. दोन पायांचा प्लग असेल तर तो काढून तीन पायांचा लावून घ्यायचा. त्यातला तिसरा जाड पाय म्हणजे अर्थिंग, तो शोभेसाठी नसतो.

पण तीन पायांचा प्लग लावून भागत नाही, घरातलं अर्थिंग जिवंत हवं. आमच्या काळ्या मातीचं एक वैशिष्ट्य आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, कोरडीठाक होते. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही मग कोरडा पडतो आणि त्याची ताकद जाते. म्हणजे कूलरच्या दिवसांतच अर्थिंग सर्वांत दुबळं! म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. आणि वायरमनकडून मीटरच्या बोर्डावर आरसीसीबी बसवून घ्या. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा. वीज भलत्या वाटेनं, म्हणजे माणसाच्या अंगातून जाऊ लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघायचं, वीज गेली तर समजावं राखणदार जागा आहे. एका साडीच्या किमतीत घरादाराचा जीव सुरक्षित होतो, मग हात आखडता का घ्यायचा?

कुणाला शॉक लागलाच तर त्या माणसाला धरून ओढायला धावू नका. आधी मेन स्विच बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा प्लास्टिकच्या पाटावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला दूर करा, आणि 108 ला फोन.

विश्वासाचा मिस्त्री ओळखावा कसा?

आमच्या मंडळानं चाळीस घरांत फिरून विचारलं, ‘तुमच्याकडे कोण येतो? वेळेवर येतो का? एकच बिघाड पुन्हा झाला का?’ बारा नावं पुढे आली. त्या बाराजणांना आम्ही गाठलं, बोललो, आणि त्यांतले पाच यादीत घेतले. कशावरून घेतले ते सांगते.

पहिली खूण म्हणजे तो काम करण्याआधी बिघाड आणि खर्च सांगतो. दुसरी, बदललेला जुना भाग न मागता आपल्या हातात ठेवतो. ‘मोटर जळली’ म्हणून घेऊन गेला आणि जुनी मोटर दिसलीच नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. तिसरी, मोटर भरून दिली तर तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनिअमची ते स्पष्ट सांगतो आणि कागदावर तारीख, रक्कम, किती दिवसांची हमी ते लिहून देतो. वहीचं पान असलं तरी चालेल, पण सही हवी. चौथी, तो टेस्टर लावूनच पेटीला हात लावतो आणि जाताना अर्थिंग बघून जातो. ज्याला स्वतःच्या जिवाची काळजी नाही तो आपल्या घराची काय घेणार? पाचवी, जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणतो. आमच्या यादीतल्या एकानं सरळ सांगितलं, ‘ताई, एसीचं काम आपल्याले जमत नाही. त्यासाठी दुसरा पोरगा देतो.’ मला तर त्याच वाक्यानं त्याच्यावर विश्वास बसला.

ओळखीचं कुणीच नसेल तर आयटीआयमध्ये जा. बहुतेक तालुक्यांत सरकारी आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, वायरमन यांचे आणि मोठ्या ठिकाणी फ्रीज-एसी दुरुस्तीचेही दोन वर्षांचे अभ्यासक्रम तिथे चालतात. तिथले सर आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं आनंदानं देतात. आमच्या यादीतले दोघं तिथूनच मिळाले, आणि त्यांनाही काम मिळालं.

मोबाइलवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. नामांकित कंपन्यांच्या नावानं खोटे नंबर टाकून बसलेले भामटे आहेत. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा खरेदीच्या बिलावरून घ्यायचा. माणूस दारात येण्याआधी पैसे पाठवायचे नाहीत, ओटीपी सांगायचा नाही, आणि कुणी ‘हे अ‍ॅप डाउनलोड करा’ म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर क्रमांकावर लगेच कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मागच्या गल्लीतल्या त्या सुनेलाही आम्ही तक्रार करायला लावली. पाचशे रुपयांचा प्रश्न नव्हता, पुढच्या बाईचा होता. आणि दुरुस्तीचे पैसे घेऊन काम नीट न करणं ही ग्राहक कायद्यानं सेवेतली त्रुटीच आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथे बोलताना कागदावरची ती सही कामाला येते.

‘गॅस संपला’ म्हणजे काय?

आता बऱ्याच घरांत फ्रीजबरोबर एसीही आला आहे. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘गॅस संपला, भरावा लागेल.’ मैत्रिणींनो, एसीतला गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर दोन महिन्यांनी पुन्हा तेच पैसे! म्हणून विचारायचं, ‘भाऊ, गळती कुठे आहे ते आधी दाखवा.’ खरा कारागीर गळती बंद करतो, नळ्यांतली हवा पंपानं ओढून काढतो आणि मग वजन करून गॅस भरतो. हल्लीच्या काही एसी-फ्रीजमधला गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम शिकलेल्या हाताचंच आहे.

पण त्याआधी एसीची जाळी काढून बघा. धुळीनं ती भरली असेल तर हवा अडते, आत बर्फ धरतो आणि एसी गार करेनासा होतो. दर पंधरा दिवसांनी, वीज बंद करून, ती जाळी नळाखाली धुवायची आणि वाळवून लावायची. कापसाच्या आणि धुळीच्या आमच्या गावांत तर हे हवंच.

मिस्त्रीचीही एक बाजू असते

यादी करताना एका वयस्कर मिस्त्रीदादांशी बोलणं झालं. गेली तीस वर्षं ते हेच काम करतात. म्हणाले, ‘ताई, मे महिन्यात समद्याईले आमची आठवण येते. एका दिवसात वीस-वीस फोन. मी बी मानूसच हाव ना जी? उन्हात पत्र्याची पेटी उघडतो तर हात भाजतेत. अन् दिवाळीत कोनी इचारत बी नाही, का बा, घरात काय चाललंय.’

मला ते मनापासून पटलं. आपल्याला विश्वासाचा माणूस हवा, मग आपणही विश्वासाचं गिऱ्हाईक नको का? मेमध्ये वीस फोन आले तर तो आधी कुणाकडे जाईल? ज्या घरी फाल्गुनात बोलावून सर्व्हिसिंग करून घेतलं, पैसे लगेच दिले, गेल्या गेल्या पाण्याचा तांब्या पुढे केला, त्या घरी! म्हणून आम्ही ठरवलं, होळीच्या आधीच्या पंधरवड्यात गल्लीतले सगळे कूलर एकदम काढायचे आणि यादीतल्या मिस्त्र्यांना वाटून द्यायचे. मोटरला तेल, बुश, कंडेन्सर, पंप, वायर, गवत, अर्थिंग, सगळं तेव्हाच तपासायचं. मंदीच्या दिवसांत त्यांना काम मिळतं, आपल्याला दर बरा लागतो, आणि एक जास्तीचा कंडेन्सर आणि पंप मंडळाच्या पेटीत विकत घेऊन ठेवता येतो. आडवेळेला मिस्त्री आला आणि दुकान बंद असलं तरी काम अडत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात आमच्या दोन गल्ल्यांत मिळून चारच कूलर ऐन वेळी बंद पडले, आणि चारही त्याच दिवशी सुरू झाले.

हिवाळ्यातल्या गिझरलाही हेच सूत्र. दिवाळीनंतर थंडी पडायच्या आधी थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्या. गॅसचा गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. बंद न्हाणीघरात त्यातून तयार होणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो आणि रंगही, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतं.

मिस्त्री येईपर्यंत

कितीही तयारी केली तरी एखाद्या दुपारी वाट बघावीच लागते. तेव्हा काय करायचं? पारा चाळिशीच्या वर असताना नुसता पंखा गरमच वारा अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटनाही चाळीस अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असं सांगते. म्हणून आधी अंग ओलं करायचं. ओला पंचा, ओला दुपट्टा, पाय पाण्याच्या बादलीत. उन्हाकडच्या खिडकीला ओली चादर किंवा गोणपाट. म्हातारी माणसं आणि लेकरं पत्र्याच्या खोलीतून तळमजल्याच्या, उत्तरेकडच्या खोलीत हलवा. कैरीचं पन्हं, ताक, लिंबूपाणी, किंवा लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे लहान हं, घालून थोडं थोडं द्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मिठाचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, आईचं दूधच जास्त वेळा पाजायचं, आणि आईनं भरपूर पाणी प्यायचं.

माणूस भलतंच बोलायला लागलं, झोपाळल्यासारखं झालं, फिट आली, अंग तापलं, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी मारत 108 बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तेव्हा मिस्त्रीची वाट बघत बसू नका, कूलर काय उद्याही दुरुस्त होईल.

आणखी एक. कूलर चालू असो की बंद, आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, घासून कोरडी करायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठल्या पाण्यातच वाढतो आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

यादीची दुसरी बाजू

2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाच्या लाटेनं खूप माणसं दगावली. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेनं उन्हाळ्याआधीच करायच्या कामांचा आराखडा तयार केला. आपल्या देशातला असा तो पहिला. सूचना आधी द्यायची, दवाखाने तयार ठेवायचे, कोण एकटं आहे ते माहीत करून घ्यायचं. मोठ्या शहरानं जे केलं ते आपल्या गल्लीनं का करू नये?

म्हणून आमची यादी दोन्ही बाजूंनी छापली आहे. एका बाजूला पाच मिस्त्री, एक वायरमन, एक एसी-फ्रीजवाला, 1912, 108, 1915, 1930. ती प्रत्येक घरात मीटरच्या बोर्डाजवळ चिकटवली आहे, मोबाइलमध्ये नाही. कारण मोबाइल घरच्या माणसाबरोबर कामावर जातो आणि कूलर बंद पडतो तो घरी राहिलेल्या बाईसमोर.

दुसरी बाजू फक्त मंडळातल्या बायकांकडे असते. तिच्यावर दुपारी एकटी असणारी माणसं असलेली घरं आहेत. अशी अकरा घरं निघाली आमच्या दोन गल्ल्यांत. मागच्या गल्लीतल्या आजींचंही आहे. एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी दोनच्या सुमारास ज्या मैत्रिणीची पाळी असेल ती त्या अकरा घरी फोन करते. दोनच प्रश्न विचारते, ‘कूलर सुरू आहे ना? पाणी प्यायलात ना?’ पाच-दहा मिनिटांचं काम. फोन उचलला नाही तर शेजारणीला पाठवायचं.

तुमच्या गावी मंडळ नसेल तर भिशी असेल, बचत गट असेल, नाहीतर संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या चारजणी तरी असतीलच. येत्या फाल्गुनात एक वही घ्या आणि पहिल्या पानावर मिस्त्रीचं नाव लिहा. दुसऱ्या पानावर कुणाची नावं लिहायची, ते तुम्हाला माहीत आहेच.